शिळासप्तमीचा पास्ता

"पाणी उकळलं असं नक्की कधी म्हणायचं?" रिसबूड काकांनी विचारलं.

ते आमच्या गॅससमोर उभे होते. एका हातात पास्त्याचं पाकीट, दुसऱ्या हातात झारा आणि चष्म्यावर वाफ. पातेल्याच्या तळाशी नुकते कुठे बुडबुडे धरायला लागले होते. मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. संपवून घरी आले होते, त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते थोडं लांबलचक होतं. सातारा समुद्रसपाटीपासून बराच वर असल्यामुळे आपल्याकडे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, इथपर्यंत मी पोचलेही. पण आई ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं धरणांवर काढलीत ना तुम्ही, रिसबूड? आणि उकळलेलं पाणी ओळखता येत नाही?"

"धरणातलं पाणी उकळत नाही हो, वसुधाबाई," काका चष्मा पुसत म्हणाले. "नोकरीत तेवढं एक सुख होतं."

ही श्रावणातल्या एका शनिवारची संध्याकाळ. याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या दोन दिवसांत कोण काय म्हणालं ते मला चांगलं आठवतं, कारण मी ते मुद्दाम लक्ष देऊन ऐकत होते. मला एक गोष्ट शोधून काढायची होती.

रिसबूड काका पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांची बायको जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बडोद्याला होती. माझे बाबा मी शाळेत असताना गेले. आई पोस्टात होती. ती रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जायची आणि तिथल्याच चढावर या दोघांची ओळख झाली. त्या उन्हाळ्यात काकांनी तिला लग्नाचं विचारलं. आईने हे मला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती आणि तिचा सूर जुडीत माती फार निघाली असं सांगण्याचा होता. शेवटी म्हणाली, "तू बघ त्यांना एकदा. तुला पटलं तर पुढचं बघू."

"आणि तुला?"

"माझं काय, माझं ठीक आहे."

याच्यापलीकडे ती जाईना. मी सरळ विचारून पाहिलं, आडून विचारून पाहिलं. दर वेळी तेच, तू बघ. आणि माझी तर मोठी पंचाईत होती. महिन्याभरात मी पीएच.डी.साठी बंगळूरला जाणार होते. मी हो म्हटलं असतं तर माझी काळजी मिटावी म्हणून ती लग्न करून मोकळी झाली असती. नाही म्हटलं असतं तर माझ्यासाठी म्हणून तो विषय कायमचा बंद केला असता. दोन्हीकडे माझंच उत्तर. तिला स्वतःला हा माणूस हवा आहे की नाही, हे कुठेच दिसत नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

म्हणून मी काकांना रविवारी जेवायला बोलावलं. ते लगेच कबूल झाले, पण एका अटीवर. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे नेहमी उमेदवाराकडचे असतात, आणि इथे उमेदवार ते स्वतः आहेत, तेव्हा पदार्थ ते करून वाढतील. मला ही कल्पना फार आवडली. फक्त मी कॅलेंडर बघितलं नव्हतं. रविवारी शिळासप्तमी होती.

आईच्या माहेरची ही चाल आहे. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी रांधायचं, शेगडी घासूनपुसून तिची पूजा करायची आणि दिवसभर गार जेवायचं. बाकी सणवार आई नोकरीच्या सोयीने करायची, पण हा एक दिवस तिने कधी चुकवला नाही. वर्षातून एकदा तरी त्या शेगडीला सुट्टी आणि मला पण, असं तिचं म्हणणं. मी वार बदलू म्हटलं तर ती म्हणाली, आता बोलावलंयस ना, मग येऊ देत, दहीभात खातील.

काकांनी फोनवर विचार केला. दहीभात आई करणार म्हणजे तो धरता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी बडोद्याला मुलीला विचारलं आणि तिने त्यांना गार खायचा पास्ता सुचवला. पास्ता आदल्या दिवशी उकडून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्यात कच्च्या भाज्या घालायच्या, तेल आणि व्हिनेगर घुसळून वर ओतायचं. विस्तवाचं काम नाही. त्या मिश्रणाला म्हणतात तो व्हिनेग्रेट हा शब्द त्यांनी मला फोनवर तीनदा म्हणून दाखवला, दर वेळी वेगळा.

तर पास्ता उकडायला म्हणून ते शनिवारी संध्याकाळीच आले होते.

पाणी एकदाचं उकळलं. पाकिटावर शिजायला किती वेळ लागतो ते छापलेलं होतं आणि काका घड्याळ लावून बसले. आईने घड्याळाकडे न बघता झाऱ्यावर एक तुकडा काढला, बोटांत दाबला आणि अजून कच्चा असल्याचं जाहीर केलं. पाकिटाप्रमाणे झाला असला पाहिजे, असं काका म्हणाले. मग पाकीटच खा, असं आई म्हणाली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. पोस्टाच्या खिडकीवर हुज्जत घालणाऱ्या माणसालाही आई कधी असं बोलली नसेल.

पास्ता चाळणीत उपसल्यावर तो चिकटू नये म्हणून त्याला तेल लावावं, असं आईने सुचवलं. शेवया उकडल्या की ती तसंच करायची. मी सांगितलं की आज तेल लावलं तर उद्याचं व्हिनेग्रेट त्यावरून घसरून खाली जाईल, धरून राहणार नाही. तू पास्ता कधी केलास, असं तिने मला विचारलं. काकांनी उत्साहाने पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढली. आईने ती हातात घेतली, लांब धरून वाचली.

"रिसबूड, हे बाळाच्या मालिशचं तेल आहे."

काका बघायला वाकले. बाटलीवर एक गुटगुटीत बाळ होतं. "औषधाच्या दुकानात मागितलं तर त्यांनी हेच दिलं. एकदम शुद्ध आहे म्हणाले."

"बरं. मग पास्त्याला मालिश करू, आंघोळ घालू, धुरी देऊ आणि तीट लावून झोपवू."

काका इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. आई हसली नाही. तिने बाटली पिशवीत परत ठेवली आणि घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाचा डबा पुढे केला. पिशवीत कांदेही होते. चातुर्मासात कांदा खात नाहीत हे यांना कोणी सांगितलं नाही का, असं तिने मला विचारलं, जणू काका तिथे नव्हतेच. कांदेही पिशवीत परत गेले.

ते गेल्यावर आईने शेगडी घासली, कोरडी केली, हळदकुंकू वाहिलं आणि बर्नरवर एक जास्वंद ठेवलं. मी बाजूला उभी राहून तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. काका मोकळे वाटतात, असं म्हटलं. ती म्हणाली, मोकळे कसले, वेंधळे आहेत. पाकिटावर वाचतात आणि तरी विचारतात. छत्री प्रत्येक ठिकाणी विसरतात. चालताना इतकं बोलतात की चढावर त्यांना दम लागतो आणि मग दुसऱ्यांनी थांबायचं. सदऱ्याचं वरचं बटण कायम तुटलेलं, लावायला सुई-दोरा काय लागतो. ही यादी बरीच लांबली. ती संपली तेव्हा माझी खात्री झाली. आईला हा माणूस नको आहे, आणि नाही म्हणायचं काम तिने माझ्यावर सोपवलं आहे.

हे कळल्यावर खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला काका आवडायला लागले होते, त्यामुळे तसं काही वाटलं नाही.

रविवारी ते आले तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती आणि त्यांनी सकाळचा चहा मुद्दाम घेतला नव्हता. आमच्या सप्तमीचा मान राखायचा म्हणून. त्यांच्या घरी ही चाल नव्हती, तरी. मात्र सवयीचं काय करणार, बोलता बोलता त्यांचा हात गॅसच्या बटणाकडे गेला आणि आईने तो वाटेतच धरला. धरला आणि लगेच सोडला. त्यावर काकांनी तांत्रिक मुद्दा काढला की विजेच्या किटलीत विस्तव नसतो, त्यामुळे चहाला हरकत नसावी. मी त्यांच्या बाजूने बोलले. किटलीत जळत काही नाही, तारेच्या रेझिस्टन्समुळे उष्णता तयार होते, हे समजावून सांगितलं.

"तुझ्या रेझिस्टन्सला पण आज सुट्टी," आई म्हणाली आणि तो विषय संपला.

मग व्हिनेग्रेट. काका काचेच्या बाटलीत तेल आणि व्हिनेगर घालून हलवत होते. हलवेपर्यंत ते एकजीव दिसायचं, बाटली ठेवली की तेल वर, व्हिनेगर खाली. काका पुन्हा हलवायचे. त्यांना वाटलं आपलीच ताकद कमी पडते आहे. इथे मात्र माझा विषय होता. दोन न मिसळणारे द्रव एकत्र ठेवायचे तर मध्ये तिसरं काहीतरी लागतं, जे दोघांनाही धरून ठेवेल. मोहरीच्या सालीत तसा चिकट पदार्थ असतो, म्हणून त्या लोकांच्या कृतीत मोहरीची पेस्ट असते. आपल्याकडे ती पेस्ट नाही, पण मोहरी आहे. लोणच्यात फेसून घालतो तशी फेसून घातली की झालं.

काकांनी माझ्याकडे आदराने बघितलं. आई म्हणाली, "बघा, तिच्या शिक्षणाचा घराला पहिला उपयोग."

मी खलबत्त्यात मोहरी कुटली आणि पाण्याचा शिपका देत ती फेसायचं काम काकांनी मागून घेतलं. चांगली फेसली आहे हे कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं आणि वाकून वास घेतला. उत्तर द्यायची गरज पडली नाही. ते दोन पावलं मागे सरले, डोळ्यांतून घळाघळा पाणी, बोलता येईना. मला हसू आवरत नव्हतं आणि तेवढ्यात माझ्याही नाकात झणका गेला. आई पदराने नाक झाकून दारात उभी होती. मुलगी बघायला आलेले लोक आजवर पुष्कळ ऐकले, पण येऊन रडणारा उमेदवार पहिलाच, असं ती पदराआडून म्हणाली.

मोहरीने आपलं काम केलं. बाटलीतलं मिश्रण दाट, पिवळसर झालं आणि ठेवल्यावरही तसंच राहिलं. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची आईने चिरून ठेवली होती. काकांची चिरायची गती बघून तिने सुरी काढून घेतली होती. सगळं एका मोठ्या पातेल्यात गेलं, वरून व्हिनेग्रेट. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बाटलीतून फारच आंबट वास येतो आहे. मी प्रमाण विचारलं. काका म्हणाले, तीनास एक, मुलीने सांगितल्याप्रमाणे. तीन कशाचे?

"व्हिनेगरचे," ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून थांबले. "तेलाचे का?"

आईने कपाळाला हात लावला. असं धरण बांधलं असतं तर, असं ती म्हणाली आणि वाक्य पुरं न करता ताटं घ्यायला गेली.

आम्ही जेवायला बसलो. दहीभात, आदल्या दिवशीच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि मध्ये ते पातेलं. काकांनी आधी आईला वाढलं, मग मला. शेंगदाणा तेल लावून ठेवलेला पास्ता मी सांगितल्याप्रमाणेच वागला. व्हिनेग्रेट त्यावरून ओघळून ताटाच्या कडेला तळं झालं. मला ते दाखवून द्यावंसं वाटत होतं, पण काका आईकडे बघत होते, घास हातात तसाच धरून. निकालाच्या दिवशी मुलं फळ्याकडे बघतात तसे.

आईने खाल्लं. सावकाश चावलं. पाणी प्यायली.

"आंबट," ती म्हणाली. "मीठ नाही. आणि हे रबरासारखं झालंय, मी काल सांगत होते अजून शिजू द्या. काकडीला पाणी सुटलंय, ती आधी पिळायला पाहिजे होती. मोहरी तेवढी बरी आहे, पण ती मैथिलीने कुटली."

काकांनी मान खाली घातली. मला ते बघवेना. मी ताबडतोब म्हटलं की मला आवडलं, गार छान लागतं, वेगळं आहे. काकांनी माझे आभार मानले. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि टोमॅटोबद्दल बोलायला लागली.

जेवण झाल्यावर आई मागे भांडी घासायला गेली. पाऊस जरा वाढला होता म्हणून काका व्हरांड्यात थांबले. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, आईचं मनावर घेऊ नका, ती एरवी अशी नाही. कुणालाच असं बोलत नाही.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. ते पावसाकडे बघत होते आणि चेहरा अजिबात दुखावलेला नव्हता. "वर्षभर त्या मला सगळ्याला छान म्हणत होत्या. मी घरून लाडू करून नेले, दगडासारखे. छान झालेत म्हणाल्या. मी एक कविता म्हणून दाखवली, माझीच, फार वाईट होती. छान आहे म्हणाल्या. मी घरी येऊन विचार करायचो, की या बाईंना आपण कोणीच नाही."

"मग?"

"मग या जानेवारीत, गडावर थंडी होती, मी मफलर गुंडाळून गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, रिसबूड, हा मफलर भयंकर आहे, उद्यापासून घालू नका." ते माझ्याकडे वळले. "त्या दिवशी उतरताना मी ठरवलं, की आता विचारायला हरकत नाही."

मला समोरच्या देवस्थळी काकूंच्या खाली लागलेल्या नारळाच्या वड्या आठवल्या, ज्या आई दर वर्षी छान झाल्यात म्हणून घेते. शिंप्याने एक बाही आखूड शिवलेला ब्लाउज आठवला, तोही तिने छान म्हणून नेला आणि घरी येऊन स्वतः उसवला. मामा, माम्या, पोस्टातली माणसं, सगळ्यांचं सगळं छान. बाबांच्या दाढीला, चपलांना, गाण्याला मात्र ती रोज काहीतरी म्हणायची. बाबा गेल्यावर आमच्या घरात तिने नावं ठेवावीत अशी मी एकटीच उरले होते. आणि मी तर ती तिची माझ्यात खोट काढण्याची सवय समजत होते.

पाऊस कमी झाल्यावर काका निघाले. जाताना त्यांनी मला माझं मत विचारलं नाही. सॅलड मात्र पुढच्या वेळी सुधारता येईल, असं म्हणाले.

मी मागे गेले. आईने मोठं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि मी घासायला बसले. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"बघितलंस ना? काय मग?"

"माझं हो आहे."

तिचा हात थांबला. "हो? कशावरून? एक पदार्थ धड आला नाही त्यांना."

"त्यावरून नाही. तू त्यांना नावं ठेवतेस त्यावरून."

तिने ताटावरचा साबण धुतला, ताट पालथं घातलं, दुसरं घेतलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या, आणि मी दिसल्या असं दाखवलं नाही.

"नावं मी तुलाही ठेवते," ती म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

आईने हात झटकले आणि पदराला पुसले. मग ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि पातेल्याच्या आतून बोट फिरवलं.

"आणि हे असं घासतात? कडेला तेल तसंच आहे सगळं."

मी पातेलं पुन्हा घासायला घेतलं.